भोकरदनच्या वाटेवर वाईन

घाट चढून झाला आहे. बैलांच्या तोंडाला फेस आलाय, तुमच्या पोटऱ्यांत गोळे. तुमच्या पुढच्या गाडीत गवताच्या जाड थरात उंच, निमुळते, बुडाशी टोकदार असे मातीचे रांजण बांधलेले आहेत. प्रत्येकाला दोन कान. रस्ता म्हणाल तर नाहीच, नुसत्या चाकोऱ्या. चाक दगडावर चढलं की गाडीवान बैलांकडे बघत नाही, आधी मान वळवून रांजणांकडे बघतो.

साल विचारू नका, या तांड्यात कोणी सांगणार नाही. आपल्या हिशेबाने इसवी सनाचं पहिलं शतक, राज्य सातवाहनांचं. मागे अजिंठ्याची रांग. वाघूर नदीच्या वळणावर भिक्खूंची मोजकीच लेणी कोरून झाली आहेत. ज्या चित्रांसाठी पुढे जगभरातून माणसं येणार त्यातली बहुतेक रंगवायला अजून चार शतकं आहेत. समोर काळ्या मातीचं पठार, मधूनच एखादी टेकडी, आणि त्यातून पूर्वेकडे निघालेली केळना नदी. आपण तिच्या काठाकाठाने जाणार आहोत. मी वाटाड्या. या सहलीतली गावं रस्त्यावर लागतील त्या क्रमाने येतील, शतकांच्या क्रमाने नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. नंतर तक्रार चालणार नाही.

गाडीला कान लावा. आत डुचमळतंय ती इटलीची वाईन.

तिकडच्या मळ्यात द्राक्षं तुडवली गेली, आतून राळ फासलेल्या रांजणात रस भरला गेला, तोंड बंद झालं. मग भूमध्य समुद्र, नाईलमधून वरचा प्रवास, उंटांच्या पाठीवरून तांबड्या समुद्रापर्यंत. इजिप्तच्या बंदरातून गलबतं साधारण जुलैत सुटतात, मोसमी वारा पाठीशी घेतात आणि पावसाळा उतरता उतरता भरुचला लागतात. त्याच काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या वहीत भरुचच्या मालाची यादी आहे. तीत वाईन आहे, आणि पसंती इटलीच्या वाईनला, मग लाओडिकियाच्या आणि अरबस्तानच्या. राजासाठी उंची वाईन वेगळी, शिवाय गाणारी मुलं आणि देखण्या दासी. हाच लेखक सांगतो की भरुचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर. आणि तिकडचा माल बिनवाटेच्या मुलखातून गाड्यांनी भरुचला येतो. ते बिनवाटेचं म्हणजे काय हे आता तुमच्या तळपायांना कळतं आहे. नेवाशाच्या आणि तेरच्या उत्खननांत अशा रांजणांची खापरं निघालेली आहेत, तेव्हा मी थापा मारतोय असं समजू नका.

युरोपात हल्ली चालण्याच्या सुट्ट्या विकतात. डोंगरमाथ्यावर जुनं गाव, उतारावर द्राक्षमळे, तुमचं सामान पुढे गाडीने जातं, तुम्ही मोकळ्या हातांनी चालता आणि संध्याकाळी प्याला भरलेला असतो. सामान पुढे नेणारी गाडी आपल्याकडेही आहे. फक्त मुक्कामाला गरम पाणी मिळायचं नाही.

दुपारी ऊन चढतं. तांडा सावलीला थांबतो, तुम्ही पाठ टेकता आणि डुलकी लागते. जाग येते ती छिन्नीच्या आवाजाने. डोक्यावरचं झाड गेलं, वर दगडी छत आहे, वर्तुळांत वर्तुळं कोरलेलं. हे अन्वा. यादवांचा काळ, बारावं-तेरावं शतक. गडी घडवलेला चिरा दोरांनी वर ओढतायत. चुना कुठेच नाही. दगडाला दगडाची खाच, बस्स. मंडपाच्या खांबांवर बोटं फिरवून घ्या, कंगोरे अजून धारदार आहेत. आठशे वर्षांनी याल तेव्हा झिजलेले असतील आणि गावकरी याला ‘मढ’ म्हणत असतील. बाहेरच्या भिंतीकडे जरा वेळ काढून बघा. विष्णूच्या मंदिरावर विष्णूची रूपं असणार अशी आपली अपेक्षा. इथे हातात शंख-चक्र-गदा-पद्म घेऊन बायका उभ्या आहेत, विष्णूच्या शक्ती. असं फार ठिकाणी दिसत नाही. पुढे इथे शंकराची पिंडी बसेल आणि या बायका बाहेरच्या बाहेर राहतील. वेरूळ-अजिंठ्याच्या बसमधून इथे कोणी उतरत नाही. एका अर्थी बरंच आहे.

डोळे चोळा. चला. तांडा पुढे गेलाय.

संध्याकाळी भोगवर्धन. हेच आपलं भोकरदन, पण बसस्टँड, रसवंती, मोबाइलची दुकानं सगळं मनातून काढून टाका. उज्जैनकडून पैठण-तेरकडे जाणारी वर्दळ इथे थांबते. गल्लीत शिरलात की पायाखाली कच खसखसते, ती शंखाच्या बांगड्यांची. ओट्यावर एक जण बसून गोमेदाच्या मण्याला भोक पाडतोय. धनुकली मागे-पुढे, थोडं पाणी, पुन्हा धनुकली. त्याच्याशी बोलू नका, मणी फुटेल. या गावची माणसं पैसा बाळगून आहेत आणि पुण्यही: सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. सांची इथून चालत किती दिवस, याचा विचार करा आणि मग आपल्या पोटऱ्यांविषयी कुरकुर करा.

पलीकडच्या घरात हस्तिदंताचं काम चाललंय. वीतभर उंचीची बाई, अंगावर दागिने सोडून फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. कारागीर तिच्या कमरपट्ट्याचे मणी कोरतोय. अशीच एक हस्तिदंती बाई 1938 साली इटलीत पोंपेईच्या एका घरात मिळाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती राखेखाली गेली होती. आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि 1970च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली भोकरदनचं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा त्यातून हस्तिदंताची जी मूर्ती निघाली तिची ठेवण पोंपेईच्या बाईशी जुळली. पोंपेईची बाई इथूनच गेली याचा दाखला कोणी दिलेला नाही. पण तिकडचे रांजण इकडे येताना पाहिल्यावर इकडचं काही तिकडे जात असेल, याचं तुम्हाला आता नवल वाटू नये.

तुमच्या हातात वाटी येते. वाईनला राळेचा वास, त्यात पाणी मिसळलेलं. इतका प्रवास केलेल्या वस्तूला वाईट म्हणू नये, म्हणून तुम्ही मान डोलावता. जेवणात तिखट आहे ते मिऱ्यांचं. मिरची समुद्रापलीकडे आहे आणि शेंगदाणाही. दोन्ही यायला पंधराशे वर्षं लागतील. शेंगदाण्याच्या चटणीवाचून भाकरी खाणारा मराठवाडा तुम्ही पुन्हा बघणार नाही, तेव्हा नीट बघून घ्या.

सकाळी तोफांच्या गाड्यांचा खडखडाट.

23 सप्टेंबर 1803. पाऊस सरता सरता आहे, ज्वारी-बाजरी उभी आहे. भोकरदनपासून असईपर्यंत केळनेच्या उत्तर काठाने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांचा तळ पसरलाय: हत्ती, घोडे, बाजारबुणगे, धुरांचे लोट, आणि असईच्या बाजूला अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाने कवायत शिकवलेल्या पलटणी. दक्षिणेकडून नळणीला इंग्रजांचा चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली आलाय. दोन दिवसांपूर्वी बदनापूरला त्याचं आणि कर्नल स्टीव्हन्सनचं ठरलं होतं: दोन वाटांनी जायचं आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा. पण त्याच्या घोडेस्वारांनी काही वंजारी पकडले, धान्याचे बैल हाकणारे, आणि त्यांच्याकडून कळलं की मराठ्यांचा तळ अगदी जवळ आहे. दोन हजार वर्षांत या वाटेची बातमी बैलवाल्यांकडूनच मिळत आली आहे. वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट न बघता निघायचं ठरवलं.

तुम्ही नदीच्या दक्षिण काठावर पिंपळगावच्या शेतात, ज्वारीत बसलेले आहात. डोकं खाली ठेवा. समोरचा नेहमीचा उतार शत्रूने रोखलेला आहे. वेलस्लीचे वाटाडे शपथेवर सांगतायत की दुसरा उतार नाही. तो दुर्बीण लावतो. अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड, मध्ये नदी. इतकी जवळ दोन गावं, त्यांच्यात सोयरीक असणार, बाजार असणार. म्हणजे नदीतून वाट असणारच. माणसं पाठवून बघतो तर उतार निघतो. वाटाड्यांना ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं? माझ्या धंद्यातल्या माणसांविषयी मी बोलणार नाही. शेजारी लपलेला पिंपळगावचा पोरगा मात्र कुजबुजतो, ‘‘माझी मावशी वरूडलाच हाय की.’’

पुढचं बघवत नाही, म्हणून पटकन सांगतो. नदी ओलांडतानाच तोफेच्या गोळ्याने वेलस्लीजवळच्या एका घोडेस्वाराचं डोकं उडतं. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात पोलमनच्या पलटणी तोंड फिरवून उभ्या राहतात, आणि त्या इतक्या शिस्तीने फिरतील असं वेलस्लीला वाटलेलं नसतं. 74वी पलटण चुकून असईच्या भिंतीकडे ओढली जाते आणि कापली जाते. मराठ्यांचे गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहतात. इंग्रज पुढे गेले की उठून मागून मारा करतात. अंधार पडेपर्यंत 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागलेल्या असतात आणि त्यांची सुमारे 1,600 माणसं मेलेली, जखमी. मराठ्यांचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. वॉटर्लू जिंकलेला हाच माणूस म्हातारपणी, तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर असईचं नाव घेतो. इंग्रजांच्या पुस्तकांत असईवर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आपल्याकडे भोकरदनच्या बसमध्ये असईचं तिकीट मागा आणि लढाईविषयी विचारा. मग तुम्हीच काय ते ठरवा.

रात्री गोऱ्या सोल्जरांना दारू मिळते, ती देशीच. इटलीची वाईन या वाटेवर आता कोणी आणत नाही.

जाफ्राबादला केळना पूर्णेला मिळते. संगम बघा, पाय धुवा, दक्षिणेला वळा. नदीचं आणि आपलं इथपर्यंतच.

आता रस्त्यावर बायका बसल्या आहेत, डोक्यावर पदर, हातात हातोडी. मे 1973. पावसाने सलग दगा दिलाय आणि अख्खा मराठवाडा खडी फोडतोय. ज्या रस्त्यावर आज तुम्ही चालताय त्याची खडी त्यांनी अशीच फोडलेली. दुपारी सुकडी वाटली जाते. भाकरी लाल, अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची. एक म्हातारी तुम्हाला बसायला जागा करून देते आणि म्हणते, ‘‘खा बाबा, चव न्हाई हिला, पर पोटाला आधार हाय.’’ तुम्ही खा. इथे मान डोलावायची गरज नाही, ती बघत नाहीये. तिचं पुन्हा काम सुरू झालंय.

आणि मग कडवंची. जालन्याहून सिंदखेडराजाच्या बाजूला, आजचं शतक, फेब्रुवारी.

माथ्यावर ओळीने चर खणलेले आहेत, त्याखाली बांध, त्याखाली नाल्यांत दगडमातीचे अडथळे. टेकडीवरून पावसाचा थेंब पळायला लागला की दर पावलावर कोणीतरी त्याची बखोटी धरतं. 1990च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून हे सुरू झालं. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांनी गावासोबत ते उभं केलं. नंतर शेततळी आली, ठिबक आलं, आणि द्राक्षं. 2012 साली जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. कडवंचीच्या द्राक्षांना तेव्हाही पाणी होतं.

मांडवाखाली वाका. घड डोक्याला लागतायत. मळ्याचे मालक कात्री घेऊन उभे आहेत.

‘‘अण्णा, याची वाईन करता?’’ तुम्ही विचारता. इतकं चालल्यावर हा प्रश्न येणारच होता.

‘‘वाईनची जात येगळी. बारीक मणी, जाड साल, आत बी. ती नाशिककडं. आमची थॉमसन, सोनाका. खायाची.’’ ते एक घड छाटतात, उलटसुलट करून बघतात, तडकलेला मणी काढून टाकतात. ‘‘हिला इरळणी करावी लागती, घड डीपिंग करावं लागतं, आन ऐन तोडणीला पाऊस आला तर सगळं गेलं. व्यापारी बी मग भाव पाडतो. वाईनवाल्याला मणी तडकल्याचं इतकं दुःख नसंल.’’

तुम्ही मणी तोंडात टाकता. गोड आहे, राळेचा वास नाही.

‘‘कुठून आलात?’’

‘‘भोकरदनहून. त्याआधी अजिंठ्याच्या घाटातून.’’

‘‘चालत?’’

‘‘चालत.’’

अण्णा तुमच्या पायांकडे बघतात. ‘‘का? एस.टी. बंद हाय का?’’