मांजराची दिंडी

घराला दार असतें तें दोन परस्परविरुद्ध कामांकरितां. आपल्या माणसास आंत घ्यावें आणि परक्यास बाहेर ठेवावें, हीं तीं दोन कामें. त्यांसाठीं माणसानें कडी केली, कुलूप केलें, देवडीवर पहारेकरी बसविला. आणि मोठा दरवाजा वारंवार उघडण्याचा त्रास नको म्हणून त्याच दरवाजांत एक लहानशी दिंडी ठेवली. महाराष्ट्रांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ही दिंडी ठाऊक आहे. युरोपांतील दारांना याहूनही लहान अशी एक दिंडी असे. ती माणसाची नव्हे, मांजराची. तिचा ज्ञात इतिहास सहाशें वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्या सर्व इतिहासाचें मर्म एका प्रश्नांत सांठविलें आहे. जें दार आपल्या मांजरास सदैव उघडें, तें शेजारच्या मांजरास बंद कसें राहावें? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अगदीं अलीकडे मिळालें. परंतु तें मिळाल्यावर असें दिसून आलें कीं, दाराला मांजर ओळखतां येऊं लागलें, तरी मांजराला दार पटवून देण्याचें काम शिल्लकच आहे.

इंग्रज कवि चॉसर याचा मृत्यु १४०० सालीं झाला. त्याच्या एका प्रसिद्ध विनोदी कथेंत एक नोकर आपल्या मालकाच्या भाडेकरूच्या बंद खोलीचें दार ठोठावतो आणि उत्तर मिळत नाहीं म्हणून दाराच्या तळाशीं असलेल्या भोकांतून आंत डोकावतो. हें भोक मांजराच्या येण्याजाण्याचें आहे, एवढेंच कवि जातां जातां सांगतो. त्याला त्याचें अधिक स्पष्टीकरण द्यावेंसें वाटत नाहीं, यावरूनच अशीं भोकें त्या काळीं श्रोत्यांच्या किती परिचयाचीं होतीं हें कळतें. फ्रेंच भाषेंत या भोकास ‘शातिएर’ व स्पॅनिश भाषेंत ‘गातेरा’ म्हणतात. दोन्ही शब्द त्या त्या भाषेंतील मांजराच्या नांवावरून झालेले आहेत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्सिटर येथें जें पुरातन कॅथीड्रल आहे, त्यांतील मांजराला तर नोकरीच होती. १३०५ पासून १४६७ पर्यंतच्या तेथील हिशेबांत मांजरासाठीं दर तिमाहीस तेरा पेन्स, म्हणजे आठवड्यास एक पेनी, खर्ची पडलेली दिसते. या वेतनाच्या मोबदल्यांत त्यानें उंदीर मारावयाचे होते. पुढें तेथील मोठ्या खगोलदर्शक घड्याळाखालच्या दाराला तळाशीं एक वाटोळें भोक पाडण्यांत आलें, आणि तें आजही पाहावयास मिळतें. १५९८ सालीं बिशप विल्यम कॉटन यांनीं तें पाडविलें असें सांगतात. घड्याळाच्या यंत्रास चरबीचें वंगण देत. त्या चरबीच्या लोभानें उंदीर येत, आणि उंदरांमागें मांजराला जातां यावें म्हणून ही वाट.

मांजराच्या भोकाचा जनक म्हणून सर आयझॅक न्यूटन यांचें नांव घेण्याची चाल आहे. या महान शास्त्रज्ञानें मांजरीसाठीं एक मोठें आणि तिच्या पिलासाठीं दुसरें लहान भोक पाडविलें, मोठ्यांतून पिलूंही जाऊं शकेल हें त्याच्या ध्यानींच आलें नाहीं, अशी ही गोष्ट. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील एका दारावर अशीं दोन बुजविलेलीं भोकें आहेत, असा उल्लेख १८२७ त प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या एका पुस्तकांत आहे. परंतु न्यूटनचा लेखनिक हम्फ्री न्यूटन यानें धन्याच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलेल्या माहितींत त्याच्या खोल्यांत कुत्रा नव्हता व मांजरही नव्हतें असें सांगितलें आहे. शिवाय चॉसरची कथा न्यूटनच्या जन्मापूर्वीं अडीचशें वर्षें लिहिली गेली होती. तेव्हां ही गोष्ट मोठ्या माणसाच्या विसरभोळेपणाचें कौतुक म्हणून ऐकावी. इतिहास म्हणून नव्हे.

जोंपर्यंत मांजर हें धान्याचें राखणदार होतें, तोंपर्यंत भोकांतून कोणतेंही मांजर आलें तरी फारसें बिघडत नसे. उंदीर कोणी मारला याला महत्त्व नव्हतें. पण विसाव्या शतकांत मांजर कोठारांतून दिवाणखान्यांत आलें. त्याला ठराविक वाटींत ठराविक वेळीं अन्न मिळूं लागलें, आणि मग त्या वाटीवर दुसऱ्यांची नजर गेली. परकें मांजर रात्रीं झडप ढकलून आंत येई, अन्न फस्त करी, कोपऱ्यांत मूत्राची खूण सोडी आणि घरच्या मांजराशीं भांडे. मनुष्यास हा केवळ उपद्रव; मांजराच्या दृष्टीनें मात्र तो संकटाचा प्रसंग. मांजर हा आपल्या हद्दीला जीव लावणारा प्राणी आहे. ज्या घरांत शत्रु केव्हांही शिरूं शकतो, तें घर त्याला घर राहत नाहीं. तें दबून राहतें, खाणें टाकतें, किंवा स्वतःच घरांत खुणा करूं लागतें.

यावर पहिला उपाय निघाला तो लोहचुंबकाचा. मांजराच्या गळपट्ट्याला चुंबक अडकवावयाचा, आणि तो जवळ आला कीं झडपेची कडी सुटावयाची. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी हा प्रश्न उंदरांना सुटला नव्हता. माणसानें घंटेऐवजीं किल्लीच बांधली. परंतु हा उपाय टिकाऊ नव्हता. शेजारच्या मांजराच्या गळ्यांतही तसाच चुंबक असला तर त्यालाही दार उघडे. पट्टा काटेरी कुंपणांत अडकून हरवे. पट्टा सहज न सुटणारा असला, तर मांजराचाच गळा आवळण्याची भीति असे. किल्ली अशा ठिकाणीं हवी होती कीं जेथून ती हरवणार नाहीं आणि जिची नक्कल निघणार नाहीं.

अशी किल्ली देण्याचें श्रेय रेडिओच्या शास्त्राकडे जातें. १९४८ सालीं हॅरी स्टॉकमन यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका यंत्रानें सोडलेल्या लहरी दुसऱ्या वस्तूनें परत फिरवाव्या आणि त्या परतीच्या लहरींतूनच निरोप पाठवावा, अशी त्यांतील कल्पना होती. १९७३ सालीं अमेरिकेंत चार्ल्स वॉल्टन यांना किल्लीवांचून दार उघडण्याच्या युक्तीचें पेटंट मिळालें. जवळ एक कार्ड आणलें कीं दारांतील यंत्रानें तें ओळखावें, अशी ती योजना. त्याच दशकांत लॉस अलामॉस येथील शास्त्रज्ञ गाईगुरांची ओळख याच तत्त्वावर पटविण्याच्या खटपटींत होते. पुढें उपकरणें लहान होत गेलीं आणि प्राण्याच्या कातडीखालीं बसेल अशी मायक्रोचिप तयार झाली.

ही चिप कांचेच्या एका कुपींत असते. कुपीची लांबी सुमारें १२ मिलिमीटर व जाडी २ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या एका लांब दाण्याएवढी. पशुवैद्य ती जाड सुईनें मांजराच्या दोन खांद्यांच्या मध्यें कातडीखालीं सोडतो. तींत विद्युत्घट नसतो. तारेचें एक सूक्ष्म वेटोळें असतें. झडपेच्या चौकटीभोंवतींही असेंच मोठें वेटोळें असतें. मांजरानें डोकें आंत घातलें कीं चौकट रेडिओलहरी सोडते, त्या लहरींच्याच बळावर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा असला तर कडी सुटते. नसला तर दार बंदच राहतें. १९९६ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार हा क्रमांक पंधरा आंकडी असतो, आणि लहरींची कंपनसंख्या सेकंदास १ लक्ष ३४ हजार २०० असते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अशा झडपा ब्रिटनमधील घरांना बसूं लागल्या. १० जून २०२४ पासून तर इंग्लंडमध्यें वीस आठवड्यांहून मोठ्या पाळीव मांजरास चिप असणें कायद्यानें आवश्यक झालें असून, कसूर करणारास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. हा कायदा हरवलेलें मांजर घरीं परत यावें म्हणून आहे. पण त्यामुळें चिप बसविलेलें तेथील पाळीव मांजर आपली किल्ली अंगांत घेऊनच फिरूं लागलें.

येथें दाराचा इतिहास संपतो आणि मांजराचा सुरू होतो. माणसाला ही किल्ली म्हणजे मोठी सोय. मांजराला तिचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीनें काल जेथें मोकळी वाट होती, तेथें आज एक फळी आहे. ती डोक्याला लागते, आणि डोकें आंत घालतांच कानाशीं ‘खट्’ असा आवाज होतो. अनेक मांजरें या आवाजानेंच माघार घेतात आणि पुन्हां दाराकडे फिरकत नाहींत.

मांजर दार उघडावयास कसें शिकतें, हा प्रश्न मानसशास्त्राच्या आरंभींच्या प्रश्नांपैकीं एक आहे. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं आपला प्रसिद्ध प्रबंध प्रकाशित केला. ते भुकेलेलें मांजर लांकडी पट्ट्यांच्या पेटींत कोंडीत आणि बाहेर अन्न ठेवीत. दोरी ओढली किंवा खटका दाबला कीं पेटीचें दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावे, फटींतून अंग घुसवूं पाही, आणि केव्हां तरी योगायोगानें खटका दाबला जाई. पुढच्या प्रत्येक खेपेस लागणारा वेळ कमी कमी होत जाई. ज्या कृतीमागून सुख येतें ती कृति मनांत ठसते, असा नियम त्यांनीं यावरून बसविला. त्यांचें आणखी एक निरीक्षण असें कीं, मांजराचा पंजा आपल्या हातांत धरून खटका दाबविला, तर त्यापासून तें कांहीं शिकत नाहीं.

दुसऱ्याच वर्षीं माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाचे वेस्ली मिल्स यांनीं या प्रयोगांवर कठोर टीका केली. घाबरलेल्या आणि कोंडलेल्या प्राण्यावरून त्याच्या स्वाभाविक बुद्धीची परीक्षा करणें म्हणजे जिवंत मनुष्यास शवपेटींत घालून त्याच्या धडपडीवरून मानवी मनाचे सिद्धांत काढण्यासारखें आहे, असा त्यांचा आक्षेप होता. वाद जुना झाला, पण आक्षेपांतील सत्य जुनें झालें नाहीं. भय आणि शिक्षण एकत्र नांदत नाहींत.

१९४६ सालीं अमेरिकेंत गथ्री आणि हॉर्टन यांनीं मांजरांच्या सुटकेचे सुमारें आठशें प्रसंग नोंदविले. त्यांच्या पेटींत एक उभा दांडा होता. तो कलला कीं दार उघडे. मांजरें पुन्हां पुन्हां एकाच ठराविक पद्धतीनें दांड्यास अंग घासून तो कलवीत, आणि संवयीनें हालचाल कशी पक्की होते याचा हा पुरावाच आहे असें त्या दोघांनीं मानिलें. तेहेतीस वर्षांनंतर, १९७९ सालीं, मूर आणि स्टटर्ड यांनीं तीच व्यवस्था पुन्हां करून पाहिली. त्यांना आढळलें तें असें: माणूस समोर दिसत असला तर मांजर दांड्याला अंग घासतें, मग बक्षीस मिळो वा न मिळो, माणूस दिसत नसला तर घासत नाहीं. तेव्हां तो शिकलेला धडा नव्हता. मांजरें पाहणाऱ्या पंडितांना आपल्या रीतीप्रमाणें नमस्कार करीत होतीं!

या दोन घटनांच्या मधल्या काळांत, १९६९ सालीं, फिलिस चेस्लर यांनीं मांजरांच्या पिलांवर प्रयोग केले. खटका दाबून अन्न मिळविण्याची युक्ति पिलें आपल्या आईला पाहून लवकर शिकलीं; परक्या मांजरीला पाहून शिकण्यास त्यांना अधिक वेळ लागला. शिक्षक कोण आहे, यावरही शिक्षण अवलंबून असतें.

या सर्व संशोधनाचें सार मांजराला नवी झडप शिकवितांना उपयोगीं पडतें. प्रथम झडप पूर्ण उघडी बांधून ठेवावी आणि यंत्र बंद असूं द्यावें, म्हणजे फळीही नाहीं व आवाजही नाहीं. जेवणाच्या वेळीं, पोटांत भूक असतांना, आवडता पदार्थ पलीकडे ठेवावा. बोलावणारें माणूसही पलीकडेच असावें, कारण मांजराचा नमस्कार माणसाच्या दिशेनें असतो. मांजराला हातानें ढकलून पार करूं नये. थॉर्नडाइकच्या निरीक्षणाप्रमाणें त्यानें तें शिकत नाहीं, आणि मिल्सच्या इशाऱ्याप्रमाणें तें घाबरतें. निर्भयपणें येणेंजाणें सुरू झालें कीं झडप थोडी थोडी खालीं आणावी. डोक्यानें फळी लोटावी लागते हें त्याला आपोआप कळूं द्यावें. यंत्राला मांजराचा क्रमांक शिकविण्यास एकदां कळ दाबून मांजर जाऊं दिलें कीं पुरतें. पण कडीच्या आवाजाची ओळख अगदीं शेवटीं, आणि तीही खाऊच्या सोबतीनें व्हावी. घरांत आधींच शिकलेलें मांजर असेल, तर त्याच्यासारखा गुरु नाहीं.

यंत्र एका क्षणांत शिकतें आणि विसरत नाहीं. मांजराला दिवस लागतात, कधीं आठवडे लागतात. कारण यंत्रास फक्त क्रमांक लक्षांत ठेवावयाचा असतो, आणि मांजरास भीति सोडावयाची असते. एक्सिटरच्या त्या वाटोळ्या भोकाला आपलें-परकें कळत नव्हतें, पण तें कोणालाही भिववीतही नव्हतें. नव्या दिंडीला आपलें-परकें कळतें. तिचा धाक घालविण्याचें काम मात्र कोणत्याही चिपेला करतां येत नाहीं. तें घरांतील माणसानें धीरानें करावयाचें असतें, आणि तें झालें म्हणजेच आंत येणारें मांजर खऱ्या अर्थानें घरीं येतें.