मोटाबेन : साराभाई कुलातील ज्येष्ठ भगिनी

श्रेष्ठींची नावे मंदिरांच्या शिलालेखांवर कोरली जातात, संघपतींचे गुणगान ग्रंथांच्या प्रशस्तीत येते. परंतु ज्यांच्या आधारावर ही घराणी उभी राहिली त्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे नाव बहुधा उंबरठ्याच्या आतच राहते. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील अनसूयाबेन यांचे नाव मात्र तो उंबरठा ओलांडून थेट गिरणी कामगारांच्या चाळींत पोहोचले. त्यांना सर्वजण 'मोटाबेन' म्हणत. गुजरातीत मोटाबेन म्हणजे थोरली बहीण. घरातील धाकट्यांनी हाक मारावी तीच हाक पुढे हजारो मजुरांच्या तोंडी बसली. त्यांतील बहुतेक ना जैन होते, ना व्यापारी.

साराभाईंचे घराणे दशा श्रीमाळी श्वेतांबर जैन. करमचंद प्रेमचंद ही त्यांची जुनी पेढी. याच कुळातील मगनभाई करमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मुलींनी अक्षर गिरवणे हेच जेव्हा पुष्कळांना अशुभ वाटे तेव्हा, अहमदाबादेत मुलींच्या शाळेसाठी मोठे द्रव्य दिले होते. अशा घरात ११ नोव्हेंबर १८८५ रोजी अनसूयाबेन यांचा जन्म झाला. परंतु वैभवाचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. त्या सुमारे नऊ वर्षांच्या असताना माता-पित्यांचे छत्र हरपले. मागे राहिली ती तीन भावंडे : अनसूया, त्यांची धाकटी बहीण कांता आणि १८९० साली जन्मलेला, जेमतेम पाच वर्षांचा अंबालाल. चुलते चिमणभाई यांनी मुलांचा सांभाळ केला. तरी आई नसलेल्या घरात थोरल्या बहिणीकडे आईचे अर्धे काम आपोआप येते, हे कोणत्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्यास सांगावयास नको.

रूढीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही आणि त्या माहेरी परतल्या. त्या काळी सासर सोडून आलेल्या मुलीच्या वाट्याला पांढरे वस्त्र, देवदर्शन आणि घरातील मागची खोली एवढेच येई. येथे धाकट्या भावाने वेगळा मार्ग धरला. घराची सूत्रे हाती येताच अंबालालांनी बहिणीच्या शिक्षणाला पाठबळ दिले आणि १९१२ साली अनसूयाबेन वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे जे घडले ते जैन वाचकास विशेष वाटेल. वैद्यकाच्या अभ्यासात प्राण्यांचे विच्छेदन करावे लागते, हे कळताच त्यांचे मन मागे फिरले. साता समुद्रापलीकडे, जेथे विचारणारे कोणी नव्हते, तेथेही लहानपणचा संस्कार जागा राहिला. त्यांनी वैद्यकाचा मार्ग सोडून लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे फेबियन समाजवाद्यांचे विचार कानी पडले, मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया पाहिल्या. एका बेडकावर सुरी चालवण्यास नकार देणारी ही मुलगी परत आली ती मजुरांचा प्रश्न मनात घेऊनच. अहिंसेने तिला डॉक्टर होऊ दिले नाही, पण दुसऱ्या एका वेदनेकडे वळवले, असेच म्हणावे लागते.

परतल्यावर त्यांनी गरीब वस्तीतील मुलांसाठी शाळा काढली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, अक्षरे शिकवणे असे काम चालू असता एके सकाळी गिरणीतून परतणारा एक जथा त्यांनी पाहिला. चालणाऱ्यांत जणू प्राणच नव्हता. विचारपूस करता कळले, की ही माणसे सलग छत्तीस तास, म्हणजे दोन रात्री व मधला दिवस, यंत्रापुढे उभी होती. त्यात स्त्रियाही होत्या. ज्या गिरण्यांच्या धोतरजोड्यांवर आणि मांजरपाटावर गावोगावच्या पेढ्या चालत, त्या तागांमागे असे छत्तीस तास होते. कापडाच्या गाठीवर गिरणीचा छाप असतो, तागाचे माप असते. हा हिशेब त्यावर कोठेही लिहिलेला नसतो. त्या दिवसानंतर अनसूयाबेन मजुरांच्या बाजूस गेल्या त्या कायमच्याच. १९१४ च्या संपातही त्यांचा हात होता.

खरी कसोटी १९१७ नंतर लागली. त्या वर्षी अहमदाबादेत प्लेगची साथ आली. माणसे गाव सोडू लागली. गिरण्या बंद पडू नयेत म्हणून मालकांनी विणकरांना वेतनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत 'प्लेग बोनस' दिला. ताणा खात्यातील कामगार मात्र त्यातून वगळले गेले. ते अनसूयाबेनकडे आले आणि डिसेंबर १९१७ मध्ये त्यांच्या संपाचे नेतृत्व बेननी स्वीकारले. पुढे साथ ओसरली. बोनस बंद करण्याचे ठरताच विणकर अस्वस्थ झाले, कारण महायुद्धामुळे धान्य व तेल यांची महागाई मात्र तशीच होती. कामगारांची मागणी ५० टक्के वाढीची, मालकांची तयारी २० टक्क्यांची. गांधीजींनी दोन्ही बाजू तपासून ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरवला. मालकांच्या बाजूने किल्ला लढवीत होते ते शेठ अंबालाल साराभाई.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नोंदवली पाहिजे. अंबालाल कृपण नव्हते. १९१५ मध्ये गांधीजींनी आश्रमात अस्पृश्य कुटुंबास घेतल्यावर मदत बंद पडली, तेव्हा एका शेठांनी मोटार आश्रमाच्या दाराशी उभी करून, नाव न सांगता, तेरा हजार रुपये दिले. ते अंबालालच, असे सर्वत्र मानले जाते. त्यांचा आणि इतर मालकांचा आक्षेप रकमेपेक्षा तत्त्वाला होता. मालक आणि मजूर यांचे नाते पिता-पुत्राचे, त्यात तिसऱ्याने का पडावे, असे त्यांचे म्हणणे. व्यापारी माणसास हा युक्तिवाद आजही गोड वाटतो. मात्र बापाने मुलाला छत्तीस तास उभे ठेवू नये, एवढे तरी त्यात गृहीत धरावे लागते. आणि मध्ये पडणारी तिसरी व्यक्ती त्यांच्याच घरातील थोरली बहीण होती.

२२ फेब्रुवारी १९१८ रोजी गिरण्यांना टाळे लागले. साबरमतीच्या काठी एका बाभळीखाली रोज सभा भरू लागली आणि ३५ टक्के मिळेपर्यंत कामावर न जाण्याची प्रतिज्ञा तेथे घेतली गेली. कामगारांसाठी निघणारी पत्रके अनसूयाबेनच्या नावाने छापली जात. भावाच्या गिरणीविरुद्ध बहिणीच्या नावाची पत्रके गल्लोगल्ली वाटली जावीत, असा प्रसंग क्वचितच कोणत्या श्रेष्ठी घराण्यावर आला असेल. तरीही पानावरचे नाते तुटले नाही. लढा चालू असता गांधीजी अंबालालांना आश्रमात भोजनास बोलावीत आणि वाढण्याचे काम अनसूयाबेनकडे देत, असे त्या काळाविषयीच्या लेखनात आढळते. मजुरांना काम मिळावे म्हणून आश्रमाच्या विणकामशाळेच्या पायात वाळू भरण्याचे ठरले, तेव्हा डोक्यावर पहिली पाटी घेऊन निघाल्या त्या बेनच. त्यांच्यामागे नदीच्या पात्रातून पाट्या वाहणाऱ्यांची रांग लागली, हे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे.

दिवस लांबले तशी चाळींत चूल पेटेना. मोटारीतून येणाऱ्या-जाणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या पुढाऱ्यांचे काय जाते, असे बोल चाळींतून ऐकू आले. ते बेनच्याही कानी आले असतील. मोटार घरची होती, हे खरेच होते. १५ मार्च रोजी गांधीजींनी उपोषण जाहीर केले तेव्हा सभेतच त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. १८ मार्चला तडजोड झाली : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस. पुढे आचार्य आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. महादेवभाई देसाई यांनी या लढ्यावर 'एक धर्मयुद्ध' हे पुस्तक लिहिले.

तडजोडीच्या आनंदात बाभळीखाली मिठाई वाटण्यास घेतली. पण गर्दी इतकी लोटली की वाटप मोडले. उरलेली मिठाई कशीबशी उचलून नेली ती शेठ अंबालालांच्या मिर्झापूरच्या बंगल्यात. दुसऱ्या दिवशी त्याच बंगल्याच्या आवारात ती शांतपणे वाटली गेली. कामगारांच्या विजयाची मिठाई हरलेल्या पक्षाच्या अंगणात! साराभाईंच्या घरात थोरल्या बहिणीचे स्थान काय होते, हे समजण्यास याहून वेगळा पुरावा लागू नये.

त्यानंतर फेब्रुवारी १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर प्रथम सह्या करणाऱ्यांत त्या होत्या. त्याच एप्रिलमध्ये त्यांना अटक झाल्याची नुसती आवई उठली आणि गिरणी कामगार बेभान झाले. अहमदाबादेत दंगल पेटली. हे त्यांच्या लोकप्रियतेचे दुःखद दर्शन होते. २५ फेब्रुवारी १९२० रोजी मजूर महाजन स्थापन झाले. 'महाजन' हा शब्द अहमदाबादच्या व्यापाऱ्यांचा. सराफांचे महाजन, कापडाचे महाजन. पांजरापोळ चालवायची ती महाजनाने, तंटा मिटवायचा तो महाजनाने. सावकाराच्या घरातील स्त्रीच्या पुढाकाराने तो शब्द मजुरांच्या नावापुढे लागला. साधर्मिक वात्सल्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि मुक्या जनावरांसाठी आपली थैली नेहमीच सैल असते. गिरणीत उभ्या असलेल्या वणकर व मुसलमान विणकराला त्या वात्सल्यात बसवणे मात्र फार थोड्यांना सुचले. शंकरलाल बँकर यांनी बेनच्या बरोबरीने काम केले. पुढे पंतप्रधानपदाची धुरा दोनदा हंगामी स्वरूपात सांभाळणारे गुलझारीलाल नंदा याच संस्थेत वर्षानुवर्षे चिटणीस होते. मजुरांच्या मुलींसाठी कन्यागृह उभे राहिले. घरी सरलादेवी व अंबालाल यांची आठ मुले वाढत होती, त्यांत मृदुला स्वातंत्र्यलढ्यात गेल्या आणि विक्रम विज्ञानात.

उत्तरायुष्य शांततेचे गेले, परंतु दीर्घायुष्याचे मोल त्यांना चुकवावे लागले. ज्याला पाच वर्षांचा असताना सांभाळले तो भाऊ जुलै १९६७ मध्ये गेला. ३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रमभाईंचे अकाली निधन झाले, तेही त्यांना पाहावे लागले. १९७२ मध्ये मजूर महाजनाच्या स्त्री-विभागात काम करणाऱ्या इला भट्ट यांनी असंघटित कष्टकरी स्त्रियांची 'सेवा' ही संघटना उभी केली. ती स्थापन झाली तेव्हा मोटाबेन हयात होत्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला त्यांचे देहावसान झाले. सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस उरले होते.