रकीब आणि सवत

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानी गझल पडते, आणि तिच्यासवे 'रकीब' हा शब्दही पडतो. आपल्याच प्रेयसीचा अभिलाषी असा जो दुसरा पुरुष, तो रकीब. गालिब (१७९७–१८६९) आणि मोमिन यांच्या गझलेत त्याचा वावर मोठा. आमच्या लावणीत हा गृहस्थ क्वचितच भेटतो. त्याच्या जागी सवत ठाण मांडून बसलेली आहे.

असे का व्हावे? गझलेत बोलतो तो पुरुष. लावणीत बोलते ती बहुधा स्त्री, आणि आपली कामना ती आडपडदा न ठेवता सांगते. रकीब हा बराचसा काव्यसंकेत होता. सवत मात्र घरात नांदत होती, आणि शास्त्र व रूढी या दोहोंचा तिला आधार होता. होनाजी, परशराम, सगनभाऊ हे शाहीर लावण्या रचीत होते, त्याच काळात शिंद्यांच्या फौजा दिल्लीत होत्या. १७८४ साली बादशाही कारभार महादजींच्या हाती आला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची दिल्ली गेली. (त्या लढाईचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे, खेळणारांपैकी किती जण त्याकडे पाहतात, कोण जाणे!) धनी वर्षानुवर्षे हिंदुस्थानात गुंतलेला, तिकडे त्याने दुसरी केली असेल, ही धास्ती शाहिराला कल्पनेतून आणावी लागत नव्हती.

तथापि या स्त्रीच्या तोंडी शब्द घालणारे पुरुषच होते, आणि तमाशात तिचे सोंगही नाच्या पोऱ्या घेई. त्याच सुमारास दिल्लीच्या सआदत यार खान 'रंगीन' (१७५७–१८३५) याने स्त्रियांच्या बोलीत 'रेख्ती' रचली. तेथेही लेखणी पुरुषाचीच. दोघीजणी एकासाठी झुरताहेत हे ऐकताना श्रोत्यांच्या मिशांना पीळ चढत असला पाहिजे. सवतीमत्सराचे हे कौतुक आम्हांला निर्मळ वाटत नाही.

१९५५ साली याच दिल्लीत संसदेने हिंदू विवाह कायदा केला, आणि हिंदू घरातील सवतीचा कायदेशीर आधार संपला. लावणीतून ती गेली नाही. मात्र बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळ्या अदेने मांडते. यमुनाबाई वाईकरांना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो या अदाकारीचा गौरव होता. शब्द शाहिराचे, पण त्यांत रुसवा किती, थट्टा किती आणि मागणी किती, हे ठरविणारी तीच.