बिननावाची मिस्सा

ऑक्टोबर संपत आला की आजी मला समोर बसवून यादी सांगायची. वहीचं पान उभं दुमडून मी एकाखाली एक नावं लिहायचो. आधी आजोबा, मग तिचे आईवडील, सासूसासरे, दीर, जावा, बाळंतपणात गेलेली धाकटी बहीण. ही चिठ्ठी चर्चच्या कार्यालयात द्यायची, म्हणजे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, मिस्सेत ती नावं घेतली जायची. आमच्या वसईत त्या दिवसापूर्वी कबरींना पांढरा हात फिरतो, गवत उपटलं जातं. संध्याकाळी झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या लावून प्रत्येक घर आपापल्या माणसापाशी उभं राहतं आणि फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीने जातात.

एका वर्षी यादीच्या शेवटी आजी म्हणाली, "लिही, बाबांच्या दोन बहिणी." मी नावं विचारली. तिला ठाऊक नव्हती. 1918 च्या तापाच्या साथीत दोघी आठवड्याच्या अंतराने गेल्या, एवढंच घरात सांगितलं जायचं. मी तसंच लिहिलं. कार्यालयातल्या काकांनी चिठ्ठी वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आजीला सांग, यांची काळजी नको. दुसरी मिस्सा बिननावाचीच असते."

ही बिननावाची मिस्सा आली कुठून, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. मराठी वाचकाला इथे सर्वपित्री अमावास्या आठवेल. ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. या दोन दिवसांचं नातं रक्ताचं नाही, दोन्हींचा उगम वेगळा. पण अडचण एकच होती. मेलेल्याची आठवण ठेवायला मागे कुणीतरी लागतं, आणि ते मागे राहिलेले कधी ना कधी संपतात.

ख्रिस्ती माणसाने मेलेल्यासाठी प्रार्थना केल्याची फार जुनी आणि मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट एका तुरुंगातली आहे. सन 203, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. पर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची बाई ख्रिस्ती झाल्याबद्दल कैदेत होती. अंगावर पिणारं मूल होतं आणि पुढे रिंगणातल्या जनावरांसमोर जायचं होतं. तिच्या हातची म्हणून जपली गेलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. त्यात ती लिहिते की प्रार्थना करता करता एकदम तिच्या तोंडून भावाचं नाव निघालं. दिनोक्रातेस, सात वर्षांचा, चेहऱ्यावरच्या जखमेने सडून गेलेला. त्या रात्री तो तिला दिसला. काळोख्या जागेतून आलेला, घामाघूम, तहानलेला, जखम तशीच. समोर पाण्याने भरलेला हौद होता, पण त्याचा काठ पोराच्या डोक्याहून उंच. तो टाचा उंचावत होता आणि हात पोचत नव्हता. ती जागी झाली आणि रोज त्याच्यासाठी रडून मागत राहिली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला. अंगावर चांगले कपडे, जखमेच्या जागी नुसता वण. हौदाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता. तो पोटभर प्यायला आणि लहान मुलं खेळतात तसा खेळायला निघून गेला.

या टिपणात न्यायासन नाही, जळत्या भट्ट्या नाहीत. काठ उंच आहे आणि मूल बुटकं आहे. बहिणीच्या मागण्याने काठ खाली येतो. मृतांसाठी जे मागायचं त्याला त्या काळचे लॅटिन बोलणारे ख्रिस्ती थंडावा म्हणत. त्याच शतकात, त्याच गावात तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की विधवेने नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी दरवर्षी त्याच्यासाठी अर्पण करावं आणि त्याला थंडावा मिळावा म्हणून मागावं. वर्षश्राद्धाच्या ख्रिस्ती घरातल्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी ही एक.

आधी हा थंडावा खाण्यापिण्यातूनही द्यायचा प्रघात होता. रोमन लोक फेब्रुवारीत पितरांचे दिवस पाळत आणि कबरीवर अन्न नेत. ख्रिस्ती झालेल्या घरांनी ते लगेच सोडलं नाही. पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका मिलान शहरात हुतात्म्यांच्या कबरींपाशी टोपलीत लापशी, पाव आणि वाईन घेऊन गेली, तेव्हा दारावरच्या माणसाने तिला अडवलं. बिशप अँब्रोज यांनी ते बंद केलं होतं, कारण लोक तिथे पिऊन पडत आणि सगळं जुन्या पितृदिनांसारखंच दिसे. मोनिकाने तक्रार न करता टोपली नेणं थांबवलं. पुढे 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती मरणपंथाला लागली. नवऱ्याशेजारी स्वतःसाठी राखलेली जागा दूर आफ्रिकेत होती. तरी ती मुलांना म्हणाली की देह कुठेही ठेवा, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. टोपलीपासून वेदीपर्यंतचा हा प्रवास एकाच बाईच्या आयुष्यात झाला.

ऑगस्टीन पुढे बिशप झाला. म्हातारपणी त्याला नोलाच्या बिशपने, पाउलिनुसने, एक प्रश्न विचारला. फ्लोरा नावाच्या बाईने आपल्या मुलाला संत फेलिक्सच्या समाधीजवळ पुरलं होतं. अशा जागेचा मेलेल्याला काही उपयोग होतो का? ऑगस्टीनचं उत्तर असं की जागा स्वतः काही करत नाही. ती जागा पाहून आई प्रार्थना करते, उपयोग होतो तो त्याचा. आणि मग तो ओघात एक गोष्ट सांगतो, जिच्यावर माझी नजर थांबली. ज्यांना आईबाप नाहीत, लेकरं नाहीत, नातेवाईक वा मित्र नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी चर्च स्वतः आई होऊन मागतं, सगळ्यांसाठी एकत्र, नावं न घेता. दोन नोव्हेंबरचं बी इथे पडलं. उगवायला सहाशे वर्षं लागली.

मधल्या काळात सगळा भर नावावर होता. सुरुवातीला दोन फळ्यांच्या घडीच्या पाटीवर जिवंत आणि मृतांची नावं लिहून ती मिस्सेत वाचत. मग मठांनी जाड वह्या केल्या. कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायशेनाउ बेटावरच्या मठाने 824 च्या सुमारास सुरू केलेल्या वहीत सुमारे 38 हजार नावं आहेत. रकान्यांत, समासात, जिथे जागा मिळेल तिथे. एवढी नावं मोठ्याने वाचणं शक्यच नव्हतं. वही वेदीवर ठेवायची, देव वाचेल. पण वहीत नाव चढायला मठाशी ओळख लागे, बहुधा जमीन किंवा दान लागे. शेतात राबून मेलेला कुळवाडी त्या रकान्यांत क्वचितच असायचा.

आता क्लुनी. बर्गंडीतला हा मठ 910 चा, आणि मृतांची सेवा हेच त्याचं मोठं काम झालं. इथला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. साधू मेला की त्याच्या वाट्याचं जेवण तीस दिवस एका गरिबाला द्यायचं. तीसचा आकडा सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरींच्या एका गोष्टीत आहे. ग्रेगरींच्या मठातल्या युस्तुस नावाच्या साधूने सोन्याची तीन नाणी लपवून ठेवली होती. ग्रेगरींनी त्याला मरताना एकटं सोडायला लावलं आणि नाण्यांसकट उकिरड्यात पुरायला लावलं. नंतर त्यांनाच राहवेना. त्यांनी सलग तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला सांगितली, आणि तिसाव्या दिवशी युस्तुस भावाला दिसून म्हणाला, आता बरं आहे. या ग्रेगोरियन मिस्सा गोव्यात आणि वसईत आजही लोक मागतात. क्लुनीत मात्र हिशेब वाढत गेला. मेलेले साधू शेकड्यांनी, त्यांच्या पुण्यतिथ्याही आल्याच. बाराव्या शतकात मठाधिपती पीटर यांना नियम करावा लागला की मृतांच्या नावाची जेवणं दिवसाला पन्नासच्या वर जाऊ नयेत. त्यांची भीती खरी होती, मेलेल्यांनी जिवंतांना मठाबाहेर काढलं असतं. कोठारात धान्य किती आणि आठवण किती, हा प्रश्न त्यांच्यासमोर अक्षरशः उभा होता.

याच मठाचे आधीचे अधिपती ओदिलो. ते 994 ते 1049 अशी पंचावन्न वर्षं गादीवर होते. त्यांच्या एका आज्ञेचं साल परंपरा 998 सांगते, काही अभ्यासक 1030 च्या आसपास मानतात. ती त्यांनी क्लुनी आणि तिच्या सर्व मठांसाठी काढली. 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा सण संपला की संध्याकाळी सगळ्या घंटा वाजवायच्या, मृतांची प्रार्थना म्हणायची, दुसऱ्या दिवशी सर्व धर्मगुरूंनी मिस्सा अर्पण करायची, गरिबांना जेवू घालायचं. कुणासाठी? जगाच्या आरंभापासून होऊन गेलेल्या सगळ्याच मृत भाविकांसाठी. ज्या मठात नावाची सर्वांत काटेकोर नोंद होती, तिथूनच वहीबाहेरच्यांसाठी दिवस निघाला. मला वाटतं, तो तिथूनच निघू शकत होता. रोज नावं लिहिणाऱ्यालाच कळतं की किती नावं लिहायची राहिली.

यामागची आख्यायिका तीर्थयात्रेची आहे. जेरुसलेमहून परतणारा यात्रेकरू वादळाने एका बेटावर लागला. तिथल्या तपस्व्याने सांगितलं की जवळच्या ज्वाळांतून भुतांचं गाऱ्हाणं ऐकू येतं, क्लुनीवाले प्रार्थना करून आमच्या हातून आत्मे सोडवतात. यात्रेकरूने ते ओदिलोंना येऊन सांगितलं, म्हणून हा दिवस. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यात क्लुनीचाच मोठेपणा जास्त. आज्ञा गोष्टीपेक्षा मोठी आहे.

आणखी एक गोष्ट. दिवस आधी आला, जागेचं नाव नंतर. शुद्ध करणारा अग्नी लोकांना ठाऊक होता, पण शुद्धिस्थळ ही वेगळी जागा आणि तिचं लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं, असं फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी 1981 च्या ग्रंथात मांडलं. लियोंच्या धर्मपरिषदेने 1274 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. जागा ठरली की मुक्काम मोजता येतो आणि मुक्काम मोजता आला की सुटकेची किंमत लावता येते. तसंच झालं. दंडमाफीची पत्रं विकली जाऊ लागली. मार्टिन ल्यूथर यांनी त्याविरुद्धचे 95 प्रबंध जाहीर केले ते 31 ऑक्टोबर 1517 ला, म्हणजे या दोन सणांच्या अगदी उंबरठ्यावर. त्यांचा राग रास्त होता, हे मी कॅथलिक म्हणूनच लिहितो आहे. प्रॉटेस्टंट चर्चने पुढे मृतांसाठी मागणंच सोडलं. नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत अंत्यविधीला प्रार्थना होते ती मागे राहिलेल्या घरासाठी. गेलेला माणूस देवाच्या हाती आहे, आपण त्यात काय भर घालणार, अशी त्यांची श्रद्धा. ती मला समजते. पण पर्पेतुआचा हौद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आणि 1534 मध्ये वसईत आले, आणि हा दिवस त्यांच्याबरोबर आला. कोकणीतला आत्म्याला लागणारा आल्म हा शब्दही त्यांचाच. आणि काकांनी सांगितलेली दुसरी मिस्सा? तिची वाट स्पेनमधल्या वॅलेन्सियातून येते. तिथल्या डॉमिनिकन मठात पंधराव्या शतकात या दिवशी इतक्या लोकांनी आपापल्या माणसांची नावं दिली की एका धर्मगुरूला एकच मिस्सा हा नियम पुरेना. तिथे तीन मिस्सांचा प्रघात पडला. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1748 मध्ये ही सवलत स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांच्या मुलखांना दिली. गोवा त्यात आला. वसई तोवर चिमाजी अप्पांनी जिंकून नऊ वर्षं झाली होती.

सगळ्या जगाला ही सवलत मिळाली 10 ऑगस्ट 1915 रोजी. पहिलं महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. खंदकांत पोरं ढिगाने मरत होती आणि कितीकांच्या कबरीवर नाव लिहिता येत नव्हतं. दुसरंही कारण होतं. जुन्या लोकांनी आपल्या आत्म्यासाठी मिस्सांची सोय म्हणून ठेवलेल्या जमिनी आणि ठेवी सरकारांनी जप्त केल्या होत्या. त्या मिस्सा राहूनच गेल्या होत्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला 2 नोव्हेंबरला तीन मिस्सांची परवानगी दिली आणि नियम घातला. एक मिस्सा कुणाच्याही नावाने करावी, तिची दक्षिणा घ्यावी. एक पोपच्या हेतूसाठी. आणि एक सर्व मृतांसाठी, जिच्यासाठी एक पैसाही घ्यायचा नाही. नावांची गर्दी झाली म्हणून वाढवलेल्या मिस्सांतली एक अशी नाव नसलेल्यांच्या वाट्याला आली.

हे सगळं त्या काकांना ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी आजीला त्यांचा निरोप सांगितला. तिने चिठ्ठीची नक्कल मागून घेतली आणि ती शेवटची ओळ मला खोडायला लावली. तोवर ती पहाटेची पहिली मिस्सा ऐकून, आपली नावं कानांवर पडली की घरी यायची. त्या वर्षी ती उठलीच नाही. लोक बाहेर गेले, दुसरे आत आले, ती डोक्यावरचा पदर सारखा करून त्याच बाकावर बसून राहिली, दुसऱ्या मिस्सेची घंटा होईपर्यंत.