ठाण, आसन, पवित्रा आणि 'सावधान'

शरीर कसे धरावे, यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. 'ठाण' हे संस्कृत 'स्थाना'चे प्राकृतातून आलेले रूप होय. धनुर्धराच्या पाच स्थानांचा उल्लेख अमरकोशात आढळतो. त्यांतील आलीढात उजवा गुडघा पुढे वाकलेला, तर डावा पाय मागे ताणलेला असतो. 'आसन' स्थिर, 'पवित्रा' मात्र क्षणोक्षणी पालटणारा.

इंग्रजी अमदानीत शाळांतील कवायतीने यांत 'सावधान'ची भर घातली: गुडघे ताठ, छाती पुढे, पोट आत. शिस्तीचे हे चिन्ह पुढे बलाचेही लक्षण मानले गेले, आणि घोटाळा झाला तो येथेच. ताठ गुडघ्यांनी उडी घेता येत नाही. सांधा किंचित वाकला की स्नायूंना ताणून आकुंचन पावण्यास वाव मिळतो. पाय फाकले की आधाराचे क्षेत्र वाढते. कंबर खाली आली की गुरुत्वमध्य उतरतो. आखाड्यातील मल्लास हे कोणी सूत्ररूपाने सांगितले नव्हते, परंतु त्याचा पवित्रा याच तत्त्वांवर उभा होता.

या निरनिराळ्या परंपरा मुंबईच्या उपनगरांत शेजारी आल्या. तारुण्यात कुस्तीचा नाद असलेल्या श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली अंधेरीजवळ वर्सोव्यास, दादाभाई नौरोजींच्या घरी, 'योग इन्स्टिट्यूट' स्थापिली. १९४८ मध्ये ती सांताक्रूझला आली. गृहस्थांस झेपतील अशी सुलभ आसने हा तिचा विशेष. मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस व्यायामशिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. एकीकडे साधक, दुसरीकडे शिक्षक. मल्ल मात्र दोन्हींच्या बाहेरच, तालमीत राहिला.

त्या मल्लाच्या धारणेची परीक्षा १९४८ साली लंडनला झाली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना मातीऐवजी गादीवर उतरावे लागले. मातीत पाऊल रुतते, गादीवर तसे रुतत नाही; साहजिकच तोल सावरण्याची रीत बदलते. ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याचे सारे श्रेय पवित्र्यास देणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल.

शरीरधारणेचा एकच आदर्श सर्व खेळांना लागू पडत नाही, हे आता मान्य झाले आहे. भाषा मात्र मागे राहिली. वजन उचलणाऱ्या मुलास 'पाठ सरळ ठेव' असे सांगितले की तो पाठ उभी करू पाहतो. वास्तविक तेथे धड नितंबसांध्यातून पुढे झुकवून कण्याची स्वाभाविक वळणे राखावयाची असतात. 'सरळ' या एकाच शब्दात 'उभे' आणि 'न वाकलेले' हे दोन्ही अर्थ नांदतात.