पत्र कुठे संपतं? मर्यादामुद्रेपासून विमपर्यंत

कळंबोलीहून बोलतोय. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, लोखंड बाजार जवळच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे: मजकूर संपला हे कळतं कसं?

शिवकाळातलं पत्र बघा. वर राजमुद्रा, आणि मजकूर संपला की खाली छोटी मर्यादामुद्रा: 'मर्यादेयं विराजते'. पुढे पेशवाईच्या कागदांवर 'लेखनसीमा' दिसते. त्याखाली कुणी काही घुसडलं तर ते पत्रातलं नाही. मोडीत तर याची गरज जास्तच. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आणि या शिक्क्याची खरी गंमत म्हणजे तो अक्षर नव्हता. कारकुनाच्या बोरूतून तो चुकून उमटणं शक्यच नाही.

१९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने सी भाषा घडवली. तिथे स्ट्रिंग संपते शून्य नंबरच्या कॅरेक्टरवर, म्हणजे नलवर. पण नल हा आस्कीमधला इतरांसारखाच एक कोड. तो फाइलच्या मधोमधही असू शकतो! मग सीच्या फंक्शनला वाटतं पत्र संपलं. पुढचा मजकूर गायब, एररसुद्धा नाही.

ब्रॅम मूलेनारचा विम एडिटर १९९१ मध्ये आला, तोही सीमध्येच लिहिलेला. त्यातला तोडगा भारी आहे. विम प्रत्येक ओळ मेमरीत वेगळी ठेवतो, त्यामुळे ओळीच्या आत न्यूलाइनचा कोड, म्हणजे १०, कधी लागतच नाही. त्या रिकाम्या बसलेल्या कोडला नलचं काम दिलं. फाइल सेव्ह करताना तो परत नल होतो.

माझ्या मते हा अस्सल जुगाड आहे, पण त्याची किंमत स्क्रिप्ट लिहिणारा मोजतो. सेटलाइन फंक्शनला मध्ये न्यूलाइन असलेली स्ट्रिंग दिलीत तर दोन ओळी होत नाहीत. एकाच ओळीत कॅरेट-अ‍ॅट असं चिन्ह दिसतं, आणि सेव्ह केलं की फाइलमध्ये खराखुरा नल जातो. दोन ओळी हव्यात तर स्ट्रिंग तोडून लिस्ट द्यायची. शोधा-बदला करतानाही तसंच: शोधताना बॅकस्लॅश-एन म्हणजे ओळीचा शेवट, बदलताना तोच नल टाकतो, ओळ तोडायला बॅकस्लॅश-आर लागतो. नवख्यांना हे वेडेपणा वाटतं, पण कारण वर सांगितलं तेच.

बाहेरची कमांड चालवणारं सिस्टिम फंक्शन आणखी वेगळं वागतं. आउटपुटमधला नल ते कोड १ करून टाकतं. मग तो मुळात नल होता की १, हे शोधायला काही मार्ग उरत नाही. नंतर आलेलं सिस्टिमलिस्ट ओळींची लिस्ट देतं आणि नलच्या जागी न्यूलाइन ठेवतं, म्हणजे मूळ मजकूर परत मिळतो. फाइलची नावं नलने वेगळी केलेली येत असतील, तर तेच वापरा.