क्लचची दांडी आणि ट्रॅक्टरचं इंजिन

दिवाळीत वाशीमला मामांकडे गेलो होतो. गोठ्यामागचं भंगार उपसताना एक जाडजूड लोखंडी ब्रॅकेट हाती लागलं. तीन भोकं, आणि एका टोकाला बोराएवढा गोळा. फेकणार तेवढ्यात मामा ओरडले, "ठेव ते! आपल्या जीपचा क्लच त्याच्यावर चालत होता!"

आता मी पडलो कोड लिहिणारा. पण ह्या ब्रॅकेटमागे बराच इतिहास निघाला. तर मंडळी, आजचा शनिवार त्याच्या नावाने.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडे ठाण मांडून बसली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. इंजिन पेट्रोलचं, सुमारे २.२ लिटर. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि डिझेल जीपची गरज भासू लागली. कंपनीच्या घरातच उत्तर होतं. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग उभा होता. त्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचंच भावंड जीपमध्ये आलं. प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन त्यानंतरचं, १९८० च्या दशकातलं.

वाचायला सोपं वाटतं, पण ट्रॅक्टर आणि जीप ही दोन वेगळी घराणी. बहुतेक ट्रॅक्टरांना जीपसारखी चासी नसतेच. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडले की तोच कणा. क्लचचं पेडलही त्याच कण्यावर. जीपमध्ये पेडल चासीवर असतं आणि इंजिन रबरी फाउंडेशनवर डुलत असतं. म्हणून मधे एक आडवी नळी लागते. तिचं एक टोक चासीवर, दुसरं इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला. ट्रॅक्टरच्या ब्लॉकला ह्या दुसऱ्या टोकासाठी जागा कोण कशाला ठेवेल?

कारखान्याला हे जमतं. त्यांच्याकडे फाउंड्री असते, साचा बदलला की काम झालं. मामांकडे होती एक जुनी पेट्रोल जीप, भंगारातून आणलेलं ट्रॅक्टरचं इंजिन आणि डोक्यावर कर्ज. साल १९९४. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. रिसोड-वाशीम सवारी मारून हप्ते फेडायचे, असा हिशेब.

मिस्त्रींनी मधे जाड प्लेट घालून इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवले. त्यात गिअरबॉक्स मागे सरकला, नळीचा जुना आधार गेला. ब्लॉक तर सपाट. त्याला वेल्डिंग करावं तर बीड तडकतं. शेवटी नळीची दोन्ही टोकं चासीवरच बसवली.

गाडी सुरू झाली, पण क्लच सोडला की बेडकासारख्या उड्या! कारण साधं होतं. जोर आला की इंजिन फाउंडेशनवर कलतं, नळी मात्र जागची हलत नाही. मग क्लचवरचा दाब आपोआप कमीजास्त होतो. तो पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो. आठ दिवसांत वेल्डिंग तुटलं, सवाऱ्या दुसऱ्या जीपकडे गेल्या. मामी म्हणाल्या, "विका ते धूड."

मिस्त्री मात्र दिवसभर गाडीखाली पडून राहिले. मामांना पेडल दाबायला लावून नुसतं पाहत बसले. मग बोलले ते मामांना अजून पाठ आहे: "इंजिन हालते, तं दांडीचं एक टोकबी त्याच्यासंगंच हाललं पाह्यजे." बेल हाउसिंगचे तीन बोल्ट आधीपासून होतेच. तेच काढून लांब बोल्ट घातले आणि त्यांच्याखाली हे ब्रॅकेट कसलं. ब्लॉकला नवं भोक नाही, वेल्डिंग नाही. इंधनबदलाची आरटीओत नोंद झाली आणि कर्जही फिटलं.

आम्ही लोक ऑफिसात दोन सिस्टिम जोडतो तेव्हाही बहुधा हेच चुकतं. काय कशाला जोडायचं ते कागदावर असतं, काय कशाबरोबर हलतं ते कुणीतरी गाडीखाली झोपून पाहावं लागतं.

कंपनीच्या मॉडेलांची नावं-सालं कुठेही मिळतात. गावोगावच्या मिस्त्रींचा इतिहास मात्र असा भंगारात पडलेला असतो. मिस्त्री आता नाहीत. जीपही कधीच विकली गेली, पण विकण्याआधी मामांनी हे ब्रॅकेट काढून ठेवलं होतं. का, विचारलं तर म्हणाले, "घेणाऱ्याला दुसरं करून दिलं ना. हे त्यांच्या हातचं होतं."

असो. ब्रॅकेट आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे, मॉनिटरच्या शेजारी.